शेटिंग जसंच्या तसं

माझ्या वस्तूला कुणी हात लावला तर मला बिलकुल खपत न्हाई. आष्टीच्या हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेतली कोणती नळी कोणत्या खणात ठेवायची हे मीच ठरवायचो, अन् निवृत्त झाल्यावर घरातबी तेच चालू ठेवलं. आता घरात मी एकटाच, त्यामुळं हलवणारंच कुणी न्हाई. चहाचा डबा जिथं ठेवतो तिथंच दुसऱ्या दिवशी सापडतो, अन् खरं सांगतो, कधी कधी त्याचाच राग येतो.

तर गोष्ट कंप्युटरची. ऑक्टोबरात विंडोज दहा बंद पडलं. बंद म्हणजे चालतंय, पण कंपनी म्हणते आता आमची जिम्मेदारी न्हाई. रोज सकाळी मशीन लावलं की तीच पाटी, अकरा नंबर घ्या. अन् अकरा नंबर घ्यायला गेलं तर तेच मशीन म्हणतंय, मला झेपत न्हाई. म्हणजे सरकारी हापिसाची तऱ्हा झाली, ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी मिथुनला बोलावलं.

मिथुन माझाच विद्यार्थी. चाळिशीला आलाय, बसस्टँडसमोर दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. दहावीला विज्ञानात पस्तीस मार्कावर सुटलेला गडी, अन् आज अख्ख्या गावाचे कंप्युटर त्याच्या हाताखाली. त्यानं मशीन उघडलं, धूळ फुंकली अन् म्हणला, "सर, मशीन धडधाकट हाय. विंडोज काढून टाकू, लिनक्स टाकू. फुकट हाय अन् धावतंय बी चांगलं."

"अन् माझं शेटिंग?"

"कोणतं शेटिंग?"

"सगळं," मी म्हणलो, अन् वहीचं पान त्याच्या हातात दिलं. सव्वीस मुद्दे लिहून ठेवले होते. अक्षरं केवढी मोठी, मराठी कीबोर्ड कोणता, पत्राखालची माझी सही, फायरफॉक्समधल्या जपून ठेवलेल्या जागा, सगळं नंबर टाकून. मिथुननं पान वाचलं अन् हसला. म्हणला, "सर, तुमचा फायरफॉक्स, तुमचा मेलचा थंडरबर्ड, दोन्ही लिनक्समधी बी हायेत. प्रत्येकाचं एक प्रोफाइल नावाचं फोल्डर असतंय, माणसाच्या सगळ्या सवयी त्याच्यात. ते उचलून तिकडं ठेवलं की तुम्हाला कळणार बी न्हाई घर बदललंय म्हणून."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं. मागच्या टायमाला केल्तं ना मी? एक शेटिंग इकडचं तिकडं होऊ दिलं न्हाई."

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला अक्षराच्या आकाराचं एवढं काय पडलंय. अक्षरं गेली खड्ड्यात. मला एकाच गोष्टीची धास्ती होती. माझ्या लेकीचं पत्र आलं तर ते ह्याच पत्त्यावर, ह्याच मशीनवर येणार. मधीच काही उलटंसुलटं होऊन तेवढं एक हुकलं तर? बाकीचे पंचवीस मुद्दे मी नुसते सोबतीला लिहिले होते.

लेकीचं नाव शालू. आठ वर्षांमागं तिनं राजानंदशी लग्न केलं, रजिस्टर पद्धतीनं, आम्हाला न सांगता. राजानंदला मीच शिकवलं होतं. बौद्ध घरातला, हुशार, विज्ञानात शाळेत पहिला आलेला. आमचं घर धनगराचं. चौदा एप्रिलला शाळेत समतेवर तासभर भाषण ठोकणारा मास्तर मीच, अन् पोरीनं ते भाषण खरं मानलं, एवढाच तिचा गुन्हा. दोघं पाया पडायला दारात आले तेव्हा मी आडवा उभा राह्यलो. म्हणलो, "मी स्वतः लिहून बोलावल्याबिगर ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई. अन् फोन तर करायचाच न्हाई." बायको, बायनाबाई, मागं पदर तोंडात धरून उभी होती. ते दोघं तसेच मागं फिरले अन् पुढं बंगलोरला गेले.

त्याच दिवशी मी कंप्युटरवर बसलो अन् मेलमधी एक फिल्टर लावलं. फिल्टर म्हणजे दारावरचा राखणदार. अमक्याचं पत्र आलं की ह्या कप्प्यात टाक, तमक्याचं आलं की त्या कप्प्यात. मी त्याला सांगितलं, शालूच्या पत्त्यावरून काही आलं की मला न दाखवता पुसून टाक. मशीन बंद करताना कचऱ्याची पेटी आपोआप रिकामी होण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती. रागात माणूस किती व्यवस्थित काम करतो ते बघा.

दोन वर्षांनी लाइटचा झटका बसून ते जुनं मशीन जळालं. तोवर माझा राग बी विझत आल्ता. तोंडानं कबूल केलं न्हाई, पण मनात म्हणलो, चला, देवानंच सोडवलं. मशीनसोबत फिल्टर गेलं, आता कोरी पाटी. पोरगी लिहील अन् मी येऊ दे म्हणीन. मिथुननं जळक्या मशीनची डिस्क काढून नव्यात सगळं भरलं तेव्हा मी त्याला बजावलं होतं, "मशीन बदललं तरी माझं काही बदललं न्हाई पाहिजे." ते अक्षरांबद्दल होतं, पत्रांबद्दल होतं. फिल्टर मशीनमधी राहतंय का पत्रांसोबत येतंय, हा विचार ह्या विज्ञानाच्या मास्तराला शिवला न्हाई. उघडून बघावं एवढंबी सुचलं न्हाई. मेलेल्या माणसाची नाडी कोण बघतंय?

मंग सुरू झालं वाट बघणं. आमच्याकडं लेक आपल्या मनानं माहेरी येत न्हाई. पंचमीला, दिवाळीला माहेराहून कुणीतरी मुऱ्हाळी जातो अन् तिला घेऊन येतो. माझं गणित सोपं होतं. तिनं एक ओळ लिहावी, येऊ का म्हणून, अन् मी स्वतः मुऱ्हाळी होऊन बंगलोरला जावं. पण आधी तिनं लिहावं. बापानं आधी लिहायचं का? नाक होतं ना मला.

बायनाबाई मधीमधी संध्याकाळी माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राह्यची. "आलं का काही?" मी तिच्यासमोर मेल उघडायचो, पेन्शनवाल्यांचं परिपत्रक अन् जाहिराती सोडून काही नसायचं. "न्हाई," मी म्हणायचो. ती माझ्या तोंडाकडं बघत राह्यची अन् मंग आत जायची. तिची मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिसला न्यायचो, तेव्हाबी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारायची. माझं उत्तर तेच. मी आयुष्यात खोटं बोललो न्हाई, हे गाव सांगंल तुम्हाला.

चार वर्षं व्हायला आली तिला जाऊन. पुतण्यानं शालूला फोन करून कळवलं होतं. शालू आली न्हाई. आईच्या मातीला आली न्हाई, दहाव्याला आली न्हाई. त्या दिवशी मी फार वाईट बोललो तिला, भरल्या घरात, पाव्हण्यांच्या समोर. तरीबी रोज सकाळी दहाला अन् संध्याकाळी सहाला मेल उघडणं सुटलं न्हाई. दुसरं करायलाबी काय होतं?

तर मिथुननं त्या दिवशी दुपारपर्यंत विंडोज काढलं, लिनक्स टाकलं. मी शेजारी वही घेऊन बसलो. त्यानं दाखवलं, लिनक्समधी नावाच्या आधी टिंब असलं की ते फोल्डर लपून बसतंय, डोळ्याला दिसत न्हाई, पण असतंय. प्रोफाइल त्याच्यात ठेवलं, एका कागदावर जुनी वाट खोडून नवी लिहावी तशी एक ओळ बदलली, अन् थंडरबर्ड उघडलं. तीच पत्रं, तेच कप्पे, तीच मोठी अक्षरं. मला खरंच बरं वाटलं. एकेक मुद्द्यावर खूण करत गेलो. सतरावा मुद्दा फिल्टरांचा होता.

"हे बघा," मिथुन म्हणला, अन् यादी उघडली. बोर्डाची परिपत्रकं. पेन्शन. जाहिराती. अन् सगळ्यात खाली, माझ्याच हातानं दिलेलं नाव, शालू. समोर बरोबरची खूण. चालू.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे आत्ता कुठून आलं?"

"आत्ता न्हाई सर. हे पहिल्यापासूनच हाय. जुनं मशीन जळालं तेव्हा आलं ना सगळ्यासोबत."

"तू तेव्हा बघितल्तं?"

मिथुननं मान खाली घातली. वर्गात उत्तर येत नसलं की अशीच घालायचा. "बघितल्तं सर. तुम्ही म्हणले होते, माझं काही बदलू नको. मला वाटलं तुमची तशीच मर्जी असंल. घरातली गोष्ट, मी कसं इचारू?"

मी ओरडणार होतो. तोंड उघडलंबी होतं. पण ओरडायचं कुणावर? ज्यानं सांगितलेलं काम चोख केलं त्याच्यावर? अख्ख्या गावात एक हा पोरगा माझा शब्दन्‌शब्द ऐकणारा निघाला, तेबी शाळा सोडल्यावर. सहा वर्षं मी दार उघडं ठेवलंय समजून ओसरीवर बसलो होतो, अन् दाराला आतून कडी मीच लावलेली.

"गेलेली पत्रं परत येतील का?"

"न्हाई सर. पुसली, मंग पेटी बी रिकामी झाली. सर्व्हरवर आपण काही ठेवतच न्हाई." मंग म्हणला, "पण नोंद असंल. तुम्ही नोंदीची खूण केलेली दिसतीय."

केलीच असणार. नोंद न्हाई तर प्रयोग न्हाई, हे पोरांना मीच शिकवायचो. मिथुननं बटण दाबलं अन् नोंद उघडली. फिल्टरानं कधी कुणाचं पत्र धरलं, विषय काय होता अन् त्याचं काय केलं, एका खाली एक ओळी. प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच शब्द, डिलीटेड. पत्रांतलं एक अक्षर न्हाई, नुसते विषय. मिथुन म्हणला, "मी बाहेर थांबतो सर," अन् ओसरीवर जाऊन बसला.

मी वाचलं. आम्ही नीट पोचलो. आबा, राग गेला का. पंचमीला येऊ का. मुलगी झाली. पंचमीला येऊ का. बाळाचं नाव आकांक्षा ठेवलं. दिवाळीला येऊ का, एकटी येते. आबा, मुऱ्हाळी धाडा ना. आईच्या पायाला सूज आहे का अजून. आईला माझी किडनी चालेल का, तपासून घेते.

ही ओळ मी परत वाचली. जालन्याच्या डॉक्टरनं विचारलं होतं, घरातलं कुणी देणारं हाय का. मी माझी तपासली, जुळली न्हाई. अन् दुसरं कुणी न्हाई म्हणून मी सांगून आल्तो.

खाली अजून होत्या. आईला बघायला येऊ का, फक्त हो लिहा. फक्त हो लिहा. आबा, काल चुलतभावाचा फोन आला, मी बॅग भरून बसले आहे, एक शब्द लिहा. ती तारीख बायनाबाई गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्याच्याखाली दोन वर्षांनी एकच ओळ, विषय नसलेली. मंग काही न्हाई. मोजल्या तर एकोणीस.

मी रडलो. सांगायला लाज कसली, पासष्टीचा माणूस हमसून हमसून रडलो, अन् मिथुननं आत येऊन पाण्याचा तांब्या ठेवला. त्याच्या देखत मी फिल्टरवर बोट ठेवलं अन् ते पुसलं. एका टिचकीचं काम. मंग शालूच्या पत्त्यावर नवं पत्र उघडलं.

मिथुन हळूच म्हणला, "सर, एक सांगू का? लिहा की कंप्युटरमधी बिघाड होता, तुझी पत्रं मला दिसलीच न्हाईत. निम्मं खरं हाय ते. पोरीला बी बरं वाटंल."

वाटलं, लिहावं तसंच. तसं लिहिलं असतं तर कदाचित ती पुढच्याच आठवड्यात दारात असती. पण बिघाड कुठं होता? मशीननं मी सांगितलं तेच केलं होतं. मी लिहिलं, "शालू, तुझी एकोणीस पत्रं मी न वाचता पुसली. पहिल्या दिवशी रागानं तशी सोय केली अन् मशीन बदलल्यावर ती गेली असं समजून तुझी वाट बघत बसलो. आई मला विचारायची, पत्र आलं का. मी न्हाई म्हणायचो. मला दिसत नव्हतं म्हणून न्हाई म्हणायचो. किडनीचं आज वाचलं. मी तुला लिहून बोलावतोय. तू म्हणशील त्या दिवशी मी घ्यायला येतो." पाठवलं. मिथुनला म्हणलो, बाकीचे मुद्दे राहू दे. तो गेला.

चार दिवस मी कंप्युटरसमोरून उठलो न्हाई. भाकरी टाकायचाबी कंटाळा, शेंगदाणे अन् गूळ खाल्ला. पाचव्या दिवशी दहा वाजता पत्र आलं. पत्ता तोच, शालूचा.

"आबा,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. तुम्ही खरं लिहिलंत हे मला कळतंय, म्हणून मीही खरं लिहिते.

मी आणि आई दर आठवड्याला बोलत होतो. अंगणवाडीतल्या बेबीनंदा मावशींच्या फोनवरून. मी पत्र पाठवलं की तिला सांगायचे, आज लिहिलंय, संध्याकाळी आबांना विचार. ती विचारायची. तुम्ही नाही म्हणायचात. पुढच्या फोनवर ती मला सांगायची, परत खोटं बोलले. फोनचं कळलं तर तोही बंद होईल, म्हणून ती तुम्हाला तोंडावर काही बोलली नाही. मी म्हणायचे, मी तशीच येते. ती म्हणायची, येऊ नको, त्यांनी दारात आडवं यावं अन् लोकांनी बघावं हे मला सोसणार न्हाई, मी त्यांच्याकडून कबूल करून घेते, मंग ये. किडनीचं विचारलं तर तिनं नकोच म्हटलं, म्हणून ते तुम्हाला लिहिलं होतं. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, माणूस वाईट न्हाई गं, पर म्हातारपणी खोटं शिकला.

तुम्हाला दिसत नव्हतं, हे तिला कधीच कळलं नाही. मलाही आत्ता कळलं.

आता मी येणार नाही. रागानं म्हणत नाही. मला यायचं होतं ते आईकडे. आकांक्षा सात वर्षांची आहे, तिला आजोबा आहेत एवढं माहीत आहे. तुम्हाला लिहावंसं वाटलं तर लिहा. मी वाचीन. उत्तर देईन असं आज सांगत नाही. पुसणार मात्र नाही.

शालू"

मी बायनाबाईच्या फोटोसमोर जाऊन उभा राह्यलो. म्हणलो, "अगं, मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच दिसत नव्हतं." दोनदा म्हणलो, मोठ्यानं म्हणलो. पत्राचं विचारून झाल्यावर ती माझ्या तोंडाकडं का बघत राह्यची ते आता कळलं, अन् माझी बाजू जिनं ऐकायला पाहिजे तीच न्हाई. गावाला ओरडून सांगितलं तरी त्याचा काय उपयोग हाय? नवरा खोटारडा हाय असं समजून ती डायलिसिसच्या खाटेवर माझा हात धरून पडायची. तरी हात धरायची.

आता रोज सकाळी दहाला मी शालूला लिहितो. काय लिहू म्हणून पहिल्या दिवशी अडलो होतो, मंग आईबद्दल लिहायला लागलो. ती जालन्याहून येताना गाडीत काय खायची, नर्सला काय नावं ठेवायची, कोणत्या दिवशी तिनं दोन घास जास्त खाल्ले. किडनीबद्दल एका पत्रात लिहिलं, दुसऱ्यात परत लिहिलं, ते लिहून संपत न्हाई. संध्याकाळी सहाला मेल उघडतो. पेन्शनवाल्यांचं परिपत्रक असतंय, जाहिराती असतात.

मिथुन काल येऊन गेला. म्हणला, "सर, आलं का काही?" मी म्हणलो, न्हाई. तिनं एकोणीस लिहून वाट बघितली होती, माझी आत्ता अकराच झालीत.